चालायला लागलेल्या लेकराचं घर

अंगणवाडीच्या नोंदीत मुलांचे दोन मोठे गट असतात. एक सहा महिने ते तीन वर्षांचा, दुसरा तीन ते सहा वर्षांचा. दुसऱ्या गटातली मुलं रोज अंगणवाडीत येतात, गाणी म्हणतात, गरम आहार खातात. पहिल्या गटातल्या मुलांचा आहार पाकिटातून घरी जातो. महिन्यातून एकदा त्यांचं वजन-उंची होते, लसीकरणाच्या दिवशी ती आईच्या कडेवर बसून येतात. बाकी सगळे दिवस ती घरीच असतात. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पर्यवेक्षिका म्हणून फिरताना माझं मन या पहिल्या गटातल्याही एका लहानशा तुकडीत गुंतत गेलं: वर्षाचा वाढदिवस झालेलं, नुकतेच पाय फुटलेलं, दीड वर्षाकडे निघालेलं लेकरू.

या वयाचं आणि आमच्या भागातल्या शेतीचं गणित जुळत नाही. पहिलं वर्ष आई कशीबशी घरी काढते. बाळ अंगावर पीत असतं, घरचेही समजून घेतात. मग दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी येते आणि पाठोपाठ कापसाची वेचणी. मजुरी किलोवर मिळते, म्हणजे जेवढे हात चालतील तेवढेच पैसे. त्या दिवसांत गावात म्हातारी माणसं, शाळेतली मुलं आणि ही लेकरं उरतात. काही बायका लेकराला सोबत नेतात, धुऱ्यावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधतात. चार-सहा महिन्यांचं बाळ झोळीत राहतं. वर्षाचं राहत नाही. ते झोळीतून पाय बाहेर काढतं, उतरतं आणि चालायला लागतं. शेतात विहीर असते, आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळंही असतं. त्या कागदावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही.

हे वय मुळात किती मोठ्या कामाचं आहे, हे आधी सांगायला हवं. बारा महिन्यांचं मूल साधारण पाऊण मीटर उंचीचं असतं. धरून उभं राहतं, मग हात सोडतं, मग एक दिवस दोन पावलं टाकतं. शेजारणीचं अकराव्या महिन्यात चाललं आणि माझं चौदाव्यातही नाही, म्हणून आया घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचा काळ आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत पसरलेला दिसला. इतकं अंतर नैसर्गिक आहे. शंभरातली चार-पाच मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत, बसल्याची उभी होतात. मी घरोघरी हे सांगते, कारण ‘पोट्टं मागं पडलं’ हा शब्द सासरच्या घरात आईवर फार जोरात आदळतो. दीड वर्ष उलटलं तरी पाऊल नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, बोटानं काही दाखवत नाही, असं असेल तर मात्र थांबायचं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांना ते मूल दाखवायचंच, आणि पथक यायला वेळ असेल तर त्याआधी दवाखाना गाठायचा.

वजनाचंही तसंच. पहिल्या वर्षात मूल सहा किलोच्या वर वाढतं, दुसऱ्या वर्षात अडीच किलोच्या आसपास. आलेखाची रेघ आपोआपच आडवी होत जाते आणि आजी म्हणते, याले नजर लागली, खातच नाही. खरं तर त्याला फिरायची घाई असते. दिवसातून तीन-चार वेळा वाटीभर घट्ट जेवण, मधे काहीतरी आणि दोन वर्षं अंगावरचं दूध, एवढं नीट चाललं असेल तर मी रेघेच्या जागेपेक्षा तिच्या दिशेकडे जास्त बघते. रेघ खाली वळली की काळजी. दंडाची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की लगेच धावपळ.

पण मला यापेक्षा जास्त आवडतं ते या वयाचं खेळणं बघायला. डब्यात चमचा टाकायचा, काढायचा, पुन्हा टाकायचा. वाटीखाली लपवलेली वस्तू शोधायची. बोट दाखवून ‘ते’ मागायचं. आईनं कणीक मळली की आपणही हात चोळायचे. बोलता दोन-चार शब्द येतात, पण समजतं कितीतरी. ‘चप्पल आण’ म्हटलं की आणतं. प्रत्येक भांड्यात हात घालून बघणं हा त्याचा अभ्यास आहे. तोच हात पाण्यातही जातो आणि चुलीतही.

आमच्या भागात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट, पिणं अवघड. त्यासाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली. तरी नळ रोज येईल याची खात्री कुठल्याच गावात नसते आणि उन्हाळ्यात तर दिवस मोजावे लागतात. म्हणून पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून घेतात. ज्या मुलखात पाण्यासाठी जीव जातो म्हणतात, तिथली घरं पाण्यानं भरलेली असतात. वेगवेगळ्या घरांत वाकून बघितल्यावर लक्षात आलं, की उभा दोनशे लिटरचा ड्रम वर्षाच्या मुलाच्या आवाक्याच्या बाहेर असतो. भीती आहे ती अर्धा कापून केलेल्या ड्रमची, कपड्यांच्या टबची, जनावरांच्या घमेल्याची, न्हाणीतल्या बादलीची आणि अंगणात जमिनीच्या पातळीला बांधलेल्या टाक्याची.

बादलीत मूल कसं बुडेल, असं मला सुशिक्षित घरांतही विचारतात. या वयात मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड असतं. बादलीची कड त्याच्या पोटाशी येते. आत हात घालायला ते वाकतं, तोल डोक्याकडे जातो, पाय वर होतात. हातांत एवढं बळ नसतं की स्वतःला मागे रेटावं. वीतभर पाणी पुरतं. आणि ते ओरडत नाही, कारण तोंड पाण्यात असतं. बाहेर बसलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. दोन-चार मिनिटांत सगळं संपतं.

एका वस्तीवर असं झालं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरावर आधीच पुष्कळ बोट दाखवून झालं आहे. बऱ्याच दिवसांनी नळ आला होता. आई नळीचं एक टोक धरून ड्रम भरत होती. तो भरला की शेजारणीला नळी द्यायची होती, कारण पाणी किती वेळ राहील हे कुणालाच माहीत नव्हतं. लेकरू पायाशीच खेळत होतं. ती नळी द्यायला कुंपणापर्यंत गेली आणि परत आली, एवढाच वेळ. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ओसरीवर बसलेली माणसं एकच वाक्य बोलत होती: आईचं लक्ष नव्हतं. सरपणाच्या ढिगाशी बसलेली ती मुलगी ऐकत होती. मुलगीच म्हणायची, विशी ओलांडली नव्हती तिनं.

त्या वाक्याचा मला आजही राग येतो. तिचं लक्ष होतं. घरातल्या सगळ्यांच्या पाण्यावर होतं, शेजारणीच्या रिकाम्या हंड्यावर होतं, आणि लेकरावरही होतं. एका माणसाच्या लक्षाला एवढ्या जागी बसवायचं आणि एका जागेवरून ते क्षणभर हललं की सगळा दोष तिच्या पदरात टाकायचा, हे मला मान्य नाही. आमच्या आरोग्य शिक्षणाच्या भिंतीवरच्या तक्त्यांतही ‘मुलावर सतत लक्ष ठेवा’ असं असतं. सतत हा शब्द ज्यानं लिहिला, त्यानं वेचणीच्या दिवसांतल्या बाईचा पहाटे चारपासूनचा दिवस पाहिला असता तर तो लिहिला नसता, असं मला वाटतं. टाक्यावरचं झाकण दमत नाही, त्याला दुसरं काम नसतं, ते रात्रीही तिथंच असतं. म्हणून मी लक्षाचं बोलणं कमी केलं आणि झाकणाचं वाढवलं.

आता गृहभेटीला गेलं की आम्ही खाली बसतो. सेविका, मी आणि घरातली आजी, तिघी जमिनीवर. आशाताई मोकळी असेल तर तीही, कारण बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटीला ती याच घरात येणार असते. बसल्या जागेवरून घर बघायचं. हात पुरेल तिथं काय आहे, धरून उभं राहिलं तर काय ओढता येईल. उभ्यानं न दिसलेलं पुष्कळ दिसतं. गॅस आला, पण कितीतरी घरांत शेगडी अजून जमिनीवरच आहे, कारण बायकांना बसून स्वयंपाकाची सवय आहे. शेगडीखाली चार विटांचा ओटा झाला की अर्धी भीती जाते. उकळत्या वरणानं लेकरं भाजतात, तशीच चहानंही. चहाची बशी जमिनीवर ठेवून गप्पा मारायची आपली रीत आहे आणि बशी बरोबर लेकराच्या हाताच्या उंचीवर असते. भाजलंच तर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावायचं नाही, वीस मिनिटं साधं पाणी सोडत राहायचं. खारपाणपट्ट्यातली बाई इथं थबकते, एवढं पाणी कुठलं? तर खाली परात ठेवायची आणि तेच पाणी मगानं पुन्हा पुन्हा ओतायचं. मग स्वच्छ फडकं झाकून दवाखाना.

कपाशीच्या मुलखात फवारणीचं औषध घरात असतंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, माणसं गेली, तेव्हापासून हातमोजे, तोंडाचा मास्क, चष्मा यांची चर्चा गावोगाव झाली. ती व्हायलाच हवी होती. पण उरलेली बाटली घरी येऊन कुठं विसावते, हे कुणी विचारलं नाही. मी बाजेखाली पाहिली आहे, पेंडीच्या पोत्यामागे पाहिली आहे, थंड पेयाच्या बाटलीत ओतलेलं औषधही पाहिलं आहे. औषध मोजायचं टोपण धुऊन मुलाला खेळायला दिलेलं होतं. वर्षाचं मूल प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालून ओळखतं. त्याला चव कळते, धोका कळत नाही. बाटली पुरुषाच्या खांद्याच्या वर, कुलूप लागेल अशा पेटीत. पोटात गेलंच तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि बाटली सोबत न्यायची म्हणजे डॉक्टरला विष कोणतं ते कळतं. हे सांगताना मी घरातल्या पुरुषाला समोर बसवते. औषध तो आणतो, ठेवायची जबाबदारीही त्याची.

आणखी एक गोष्ट फक्त कापसाच्या घरात दिसते. भाव वाढेल या आशेनं कापूस खोलीत भरलेला असतो, छतापर्यंत. मऊ म्हणून लेकराला त्यावर सोडतात. त्याला खाज सुटते, हे तर आहेच. पण ढीग ढासळला तर ते आत रुतू शकतं आणि श्वास कोंडतो. त्या खोलीचं दार लावलेलंच हवं. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया यांचंही तसंच. दाढा आल्याशिवाय दाणा चावला जात नाही, हसता-रडताना तो श्वासनळीत जातो. शेंगदाण्याचा कूट करून द्या, पौष्टिक आहे. अख्खा दाणा चार-पाच वर्षांपर्यंत नको. ऑगस्ट आणि फेब्रुवारीत जंतनाशकाची मोहीम असते, तेव्हाही एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, तीसुद्धा कुटून पाण्यात, हे मी प्रत्येक सेविकेकडून पुन्हा वदवून घेते.

चाकाच्या खुर्चीसारख्या वॉकरबद्दलही बोलते. खामगाव-शेगावच्या बाजारातून तो हौसेनं आणलेला असतो, बहुतेक मामाकडून. त्यात बसलेलं मूल एका झटक्यात ओट्याच्या कडेला किंवा चुलीपाशी पोहोचतं आणि चालायला लवकर शिकतं असंही नाही. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा बरा. तो मुलाला स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलावा लागतो.

एवढं सगळं ऐकल्यावर एका आजीनं मला विचारलं होतं, “मॅडम, मंग याले सोडू तरी कुठं? इकडं चूल, तिकडं टाकं. म्हणून बांधतो मी त्याले.” तिनं खरंच बांधलं होतं. जुन्या लुगड्याची पट्टी, एक टोक बाजेच्या खुराला, दुसरं नातवाच्या कमरेला. गाठ सैल, खाली गोधडी, जवळ पाण्याची वाटी. प्रेमानं बांधलेलं होतं. तिला मोतीबिंदू होता, सून वेचणीला गेली होती. मला तिला रागवावंसं वाटलं नाही. पण दिवसाचे सहा-सात तास त्या पट्टीच्या टोकाला गेले, तर मूल चालणार कधी, कोंबडीमागे धावणार कधी, ‘हे काय?’ म्हणून बोट दाखवायला त्याच्यासमोर नवीन येणार काय? केंद्र सरकारनं २०२४ मध्ये ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी करायच्या १४० कृती त्यात आहेत. कृती चांगल्या आहेत, घरातल्या डब्या-वाट्यांनी होतात. मी त्या शिकवते आणि आया आवडीनं करतात. फक्त त्या करायला कुणीतरी मोकळं असावं लागतं आणि मुलाला हलायला निर्धोक जागा असावी लागते.

म्हणून शेवटी सगळं पाळणाघरापाशी येऊन थांबतं. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार त्यांचा आणि अनुताई वाघांचा. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी होती. लहान भावंड सांभाळायला घरी राहणारी मुलगी शाळेत यायची असेल, तर भावंडाचीही सोय तिथंच हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तिनं अंगणवाडी घेतली. पाळणाघर तिच्यात आलं नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर एका बाईनं ती सांभाळावीत असं लिहिलं गेलं, पण खासगी शेतातल्या वेचणीला ते कसं लागू होणार? २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघरं उघडायचं ठरलं, देशभरात सतरा हजारांचं लक्ष्य ठेवलं गेलं. बांगलादेशात तर ‘आंचल’ नावाची साधी गावकेंद्रं याच कामासाठी आहेत. आई कामात असते तेव्हा, सकाळी नऊ ते दुपारी एक, गावातलीच बाई एक ते पाच वर्षांची मुलं सांभाळते. त्यानं मुलं बुडण्याचं प्रमाण फार कमी झालं.

आमच्याकडे, लेकरू बुडालेल्या त्या वस्तीवर, दोन गोष्टी झाल्या. बचत गटाच्या बायकांनी तेलाच्या जुन्या डब्यांचा पत्रा सुताराकडून लाकडी चौकटीवर ठोकून घेतला आणि प्रत्येक टाक्याला झाकण केलं. वर दगड ठेवायचा, मोठ्या माणसालाच उचलेल असा. बादली वापरून झाली की पालथी घालायची. आमच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये वजन, उंची, हजेरी यांचे रकाने आहेत, झाकणाचा नाही. सेविकेनं स्वतःच्या वहीत तो आखला आणि महिन्याला टिक करते.

दुसरं म्हणजे वेचणीच्या दिवसांत एका घराची सपरी रिकामी करून घेतली. पुढं आडव्या फळीचा गुडघाभर अडसर, आत गोधड्या, डबे, वाट्या, मक्याची रिकामी कणसं. दोन बायका मुलं सांभाळतात. एक साठीची, तिचा आवाज मोठा आहे आणि लेकरं तिच्या अंगावर चढतात. दुसरी बाळंतपण होऊन घरी असलेली. प्रत्येक आई आपल्या दिवसाच्या वेचणीतून थोडं देते. कुणी ज्वारी देतं. दुपारी एखादी शेतातून अंगावर पाजायला येऊन जाते. पैशाचा प्रश्न दरवर्षी निघतो, भांडणंही होतात. एका वर्षी तर ते महिनाभर बंदच पडलं, कारण सांभाळणाऱ्या बाईलाही वेचणीला जायचं होतं, तिलाही पैसे हवेत. सेविकेवर हे काम टाकायला मी तयार नाही. तिच्या अंगावर आधीच पुष्कळ आहे. मानधन मिळणारी वेगळी बाईच लागेल.

मुलांत झालेला बदल मात्र डोळ्यांना दिसतो. बांधलेला तो नातू तिथं यायला लागला. अडसर धरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. दिवाळीनंतर अडसर सोडून धावायला लागला आणि बाहेरच्या बकरीला हाक मारायला शिकला. आजीनं डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, कारण आता दिवसा कुणी अंगावर नसतं.

यंदा शेजारच्या वस्तीवरच्या बायकांनीही सपरी बघून ठेवली आहे. सांभाळायला तयार झालेल्या काकूंची अट एवढीच, की दुपारी लेकरं झोपवायला झोळ्या बांधता याव्यात. आढ्याला लोखंडी कड्या बसवायच्या आहेत, त्याचा अर्ज ग्रामपंचायतीकडे गेला आहे. पाळणा योजनेचा प्रस्ताव आमच्या प्रकल्प कार्यालयातून पुढे पाठवला आहे. सोंगणी सुरू होण्याआधी कड्या तरी लागायला हव्यात, म्हणून मी येत्या सोमवारी सरपंचांकडे जाणार आहे.